सॅन डीमसची जुनी शारव्हेल गिटार विकत घेण्यापूर्वी कशी तपासावी

ऐंशीच्या दशकात लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर ग्लॅम मेटल हा भडक रूपाचा रॉक संगीतप्रकार बहरात असताना तिथल्या गिटारवादकांना जशी वाद्ये हवी होती, तशी ती शारव्हेलच्या छोट्या कारखान्यात घडत होती. एक हंबकर पिकअप (तारांचे कंपन विद्युत संकेतात बदलणारा दुहेरी गुंडाळीचा भाग), एकच व्हॉल्यूमची खुंटी, सपाट आणि वेगवान नेक (बोटे फिरवायची लांब मान) आणि डोळे दिपवणारा रंग हे त्यांचे रूप होते. रॅट या बँडचा वॉरन डीमार्टिनी याच गिटारींमुळे ओळखला जाई. वेन शारव्हेल यांनी १९७४ मध्ये अझुसा येथे काढलेले दुरुस्तीचे दुकान १९७८ मध्ये ग्रोव्हर जॅक्सन यांनी विकत घेतले, आणि पुढे कॅलिफोर्नियातील सॅन डीमस या लहान गावाच्या पत्त्यासह १९८६ पर्यंत ज्या गिटारी बाहेर पडल्या, त्यांनाच आज संग्राहक शोधत असतात. संख्या थोडी आणि मागणी मोठी असल्यामुळे बनावट आणि जोडकामाच्या गिटारीही बाजारात भरपूर आहेत.

बहुतेक खरेदीदार प्रथम नेक प्लेट, म्हणजे नेक बॉडीला जोडणाऱ्या स्क्रूंखालची धातूची पट्टी, पाहतात आणि तिच्यावरच विसंबतात. माझ्या मते ती सर्वांत दुबळा पुरावा आहे, कारण ती चार स्क्रूंनी बसवलेली असते आणि चार स्क्रू काढून कोणत्याही गिटारीवर लावता येते. जे सहज बदलता येते त्याला शेवटचे स्थान द्यावे आणि लाकडात जे कायमचे कोरले गेले आहे त्याला पहिले, हा क्रम तपासणीत शेवटपर्यंत पाळावा.

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शारव्हेलचा मूळ धंदा सुट्या भागांचा होता. प्रसिद्ध रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने आपली सुप्रसिद्ध पट्ट्यांची गिटारदेखील तिथून घेतलेली सदोष म्हणून बाजूला काढलेली बॉडी आणि नेक जोडूनच तयार केली होती. त्यामुळे दोन्ही भाग अस्सल शारव्हेलचे असूनही कारखान्यात कधीच एकत्र न आलेली गिटार समोर येऊ शकते. तिच्यात खोटे काही नसते, पण तिला कारखान्यातून पूर्ण बाहेर पडलेल्या गिटारीचा भाव देता कामा नये.

प्लेटवर सॅन डीमसचा पोस्ट बॉक्सचा पत्ता आणि चार अंकी क्रमांक असतो. हे क्रमांक १९८१ च्या अखेरीस १००१ पासून सुरू झाले आणि १९८६ मध्ये ५५०० च्या आतच थांबले. प्लेटवर टेक्सासमधील फोर्ट वर्थचा पत्ता असेल, तर ती गिटार पुढच्या काळातील जपानी बनावटीची आहे. त्या गिटारी वाजवायला उत्तम असतात, पण त्यांची किंमत निराळी. फेंडरने २००२ मध्ये ही कंपनी घेतल्यानंतर ‘सॅन डीमस’ हे मॉडेलचेच नाव झाले आहे, म्हणून जाहिरातीत नुसते ते नाव दिसले तरी काळ सिद्ध होत नाही.

खरी तपासणी नेक काढल्यावर सुरू होते. विक्रेत्याकडून नेकचा टाचेकडचा भाग आणि बॉडीतील खाच यांची उजेडात काढलेली, स्पष्ट छायाचित्रे मागवावीत. टाचेवर स्क्रूची चारच भोके असावीत आणि ती बॉडीच्या भोकांशी तंतोतंत जुळावीत. लाकडी खुंटी ठोकून बुजवलेले भोक आणि त्याच्या शेजारी नवे भोक दिसले, तर नेक दुसऱ्या गिटारीची आहे असे समजावे. खाचेच्या कडेला रंगाची जी रेघ थांबते ती जुनी आणि घासलेली असावी. तिच्यावर ताज्या रंगाचा थर चढलेला दिसला, तर बॉडी पुन्हा रंगवलेली आहे. खाचेत पेन्सिलीच्या खुणा असतील तर त्यांचेही छायाचित्र घ्यावे. नेक काढण्यास विक्रेता ठाम नकार देत असेल, तर तो व्यवहार सोडून द्यावा.

ब्रिजकडे, म्हणजे बॉडीवर तारा अडकवलेल्या धातूच्या भागाकडे, सर्वांत जास्त वेळ द्यावा. या काळात वादकांची आवड झपाट्याने बदलली: आधी सहा स्क्रूंचा साधा ट्रेमोलो (दांड्याने तारांचा ताण बदलणारा ब्रिज), मग काहलर आणि मग फ्लॉइड रोज या नावांचे ट्रेमोलो. त्यामुळे एकाच बॉडीवर दोन-तीनदा कोरकाम झालेले आढळते. फ्लॉइड रोजच्या पुढच्या कडेखाली सहा बुजवलेली भोके ओळीने दिसली, तर तो ब्रिज नंतर बसवलेला आहे. काहलरची खाच वेगळ्या आकाराची असते आणि फ्लॉइड रोजखाली ती पूर्ण झाकली जात नाही. ब्रिजचे दोन खांब लाकडात सरळ उभे आहेत का, हेही पाहावे, कारण तारांच्या ताणाने ते कालांतराने पुढे कलतात आणि भोकाभोवती केसासारखी चीर पडते.

गिटार प्रत्यक्ष हातात आली तर तारा जुळवून नट (नेकच्या वरच्या टोकाशी तारा धरणारी पट्टी) लॉक करावा, ट्रेमोलोचा दांडा तारा सैल पडेपर्यंत दाबून सोडावा आणि प्रत्येक तार ट्यूनरवर पाहावी. त्यानंतर दांडा वर ओढून सोडावा. दाबल्यानंतर स्वर किंचित उतरलेला आणि ओढल्यानंतर किंचित चढलेला राहत असेल, तर ब्रिज ज्या धारेने खांबांवर टेकतो ती झिजलेली आहे. लॉकिंग नट जर नेकच्या आरपार जाणाऱ्या दोन स्क्रूंनी बसवला असेल, तर त्या जागी नेकच्या मागे बॅटरीचा झोत तिरपा टाकून तडा शोधावा. इथली नेक आधीच बारीक असते आणि भोकांनी ती आणखी दुबळी होते.

विद्युत भाग लवकर उरकता येतो. व्हॉल्यूमच्या खुंटीखालच्या पोटवर (पोटेन्शिओमीटर, आवाज कमी-जास्त करणारा भाग) बहुधा सात अंक छापलेले असतात: पहिले तीन उत्पादकाचे, पुढचे दोन वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. १३७८४१२ याचा अर्थ सीटीएस कंपनीचा, १९८४ च्या बाराव्या आठवड्यातील पोट. पोट गिटारीआधीचा असणे स्वाभाविक आहे. तो नंतरचा असेल तर बदललेला आहे. डागकामावरचा जुना, मळकट सोल्डर आणि नवा चकचकीत सोल्डर नजरेला लगेच वेगळे कळतात.

रंगासाठी अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च वापरावी. नंतर मारलेले रंगाचे ठिपके भोवतालच्या जुन्या थरापेक्षा निराळे दिसतात.

हे सारे तपासल्यावर निर्णय घेताना दोषांची प्रतवारी करावी. नवे फ्रेट (नेकवरील धातूच्या आडव्या पट्ट्या) किंवा बदललेला पिकअप यांमुळे किंमत थोडी उतरते, पण गिटारीची ओळख बदलत नाही, आणि या वाद्यांवर दणकून काम झालेले असल्यामुळे असे बदल क्षम्यच मानावेत. दुसऱ्या गिटारीची नेक, पुन्हा रंगवलेली बॉडी किंवा बुजवलेली खाच मात्र मोठी वजावट मागते.

गिटार परदेशातून भारतात आणायची असल्यास पैसे देण्याआधीच कस्टम्स एजंटशी बोलावे, कारण वापरलेल्या मालाच्या आयातीचे नियम नव्या मालाहून वेगळे आहेत. फिंगरबोर्ड (नेकवरची बोटे टेकायची लाकडी पट्टी) रोजवूडचा असेल तर त्याची जात लेखी घ्यावी. बहुतेक रोजवूडच्या तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीपासून साइट्स या धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारातून सूट मिळाली असली, तरी ब्राझिली रोजवूडवरचे कडक निर्बंध कायम आहेत. पाठवणाऱ्याला ट्रेमोलोचा दांडा काढून ब्रिजखाली घट्ट घडी केलेले कापड सरकवायला सांगावे. मुंबई किंवा कोकणपट्टीत पोहोचल्यावर केस एक दिवस बंदच ठेवून मग उघडावी आणि पावसाळ्यात तिच्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून मागच्या स्प्रिंगांवर गंज चढतो आहे का, हे दर महिन्याला पाहावे.