अलॉटमेंट मिळाली, आता पहिलं वर्ष

अलॉटमेंट म्हणजे भाजीपाला पिकवायला भाड्यानं मिळणारा जमिनीचा तुकडा. इंग्लंडमध्ये पूर्ण प्लॉट म्हणजे साधारण 250 चौरस मीटर, आपल्या हिशेबानं अडीच गुंठे. तो हातात येतो तेव्हा बहुधा गुडघाभर गवत माजलेलं असतं. पहिली चूक तिथंच होते: भाड्यानं रोटावेटर आणून सगळी जमीन एकदम उलथली जाते. इथलं काऊच ग्रास आपल्या हरळीसारखं जमिनीखालच्या कांड्यांनी पसरतं आणि बाइंडवीड चांदवेलीच्या जातकुळीचं. यंत्रानं मुळांचे तुकडे होतात आणि तुकड्यातुकड्यातून नवा कोंब येतो. मार्चमध्ये स्वच्छ दिसलेला प्लॉट जूनपर्यंत पूर्वीपेक्षा दाट भरतो.

पहिल्या वर्षी चौथा हिस्साच उघडा. उरलेल्या भागातलं गवत जमिनीलगत कापून त्यावर जाड पुठ्ठा अंथरा. चिकटपट्ट्या आणि पिना आधी काढा, कडा 15-20 सेंमी एकमेकींवर चढवा, वर काळं कापड घालून विटा ठेवा. जुने गालिचे नकोत. बऱ्याच ठिकाणी त्यांना मनाई आहे आणि त्यांचे कृत्रिम धागे मातीतून निघता निघत नाहीत. पहिल्या वर्षी किती जमीन लागवडीखाली हवी ते करारात वाचा आणि झाकण्याचा बेत अलॉटमेंटच्या सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवा.

उघडलेला भाग गार्डन फोर्कनं (दातेरी फावड्यानं) उकरा, पांढरी मुळं हातानं वेचा. ती कंपोस्टात टाकू नका. वाफे 120 सेंमी रुंद ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोचतो आणि मातीवर पाय पडत नाही. ढकलगाडीसाठी वाट 45-60 सेंमी.

फुकट मिळणाऱ्या घोड्याच्या खतापासून मात्र सावध राहा. घोड्यानं खाल्लेल्या गवतावर अमिनोपायरॅलिड हे तणनाशक मारलेलं असेल तर ते शेणातूनही टिकून राहतं. मग टोमॅटो, बटाटा, शेंगवर्गाची पानं नेच्यासारखी आवळून वळतात, आणि तो वाफा त्या पिकांसाठी पुढचे कित्येक महिने बाद होतो. म्हणून आधी चाचणी घ्या. एका कुंडीत खत आणि पॉटिंग कंपोस्ट (कुंड्यांसाठीचं तयार मिश्रण) निम्मं-निम्मं, दुसरीत नुसतं कंपोस्ट. दोन्हींत ब्रॉड बीन या शेंगभाजीच्या चार-चार बिया. तीन-चार आठवडे पानं शेजारी ठेवून पाहा. खताच्या कुंडीतली पानं वाकडी आली तर ते खत घेऊ नका.

आता लागवड. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लसूण: पाकळ्या 15 सेंमीवर, टोक मातीखाली अडीच सेंमी. थंडी मिळाली नाही तर गड्ड्यात पाकळ्या सुटत नाहीत, वसंतात उशिरा लावलेला लसूण बरेचदा एकाच कांद्यासारखा राहतो. लवकर येणाऱ्या जातीचे बटाटे फेब्रुवारीत अंड्यांच्या ट्रेमध्ये उजेडात, थंड जागी ठेवून मोड आणा. मार्चअखेरीस 12 सेंमी खोल, 30 सेंमी अंतरावर लावा आणि कोंब दिसताच भर द्या, कारण मेच्या मध्यापर्यंत धुकं-दहिवर नव्हे, खरं गोठलेलं दव (फ्रॉस्ट) पडू शकतं. घेवडा त्यानंतरच, 5 सेंमी खोल.

मेथीला स्वयंपाकघरातले दाणे चालतात. रात्रभर भिजवून मे ते ऑगस्ट दाट फेका आणि फुलोऱ्याआधी कापा. कोथिंबिरीवर लोक इथं हमखास वैतागतात. जूनचा लांब दिवस आणि कोरडी माती मिळाली की ती पानं सोडून तुऱ्यावर जाते. धणे लाटण्यानं हलके रगडून दोन फाका करा, जागेवरच पेरा, रोपं उपटून लावू नका. दर तीन आठवड्यांनी थोडी पेरा; ऑगस्टमध्ये पेरलेली सर्वांत जास्त टिकते. माठ जूनमध्ये. भेंडी आणि दुधी उघड्यावर लावून जागा घालवू नका, त्यांना पॉलिटनेल, म्हणजे प्लास्टिकनं झाकलेला बोगदा, लागतो.

कोबी, नवलकोल, मुळा, मोहरी एकाच कुळातली. त्यांच्या मुळांना गाठी आणणारा क्लबरूट हा रोग एकदा शिरला की वर्षानुवर्षं मातीत राहतो. शेजाऱ्यानं प्रेमानं दिलेलं कोबीचं रोपही घेऊ नका, स्वतः बी टाका. मातीचा सामू (pH) 7 च्या खाली असेल तर हिवाळ्यात चुना द्या, पण बटाट्याच्या वाफ्यात नाही. त्यानं बटाट्याला खवले धरतात.

झाकलेल्या पुठ्ठ्यालाही कामाला लावता येतं. जूनमध्ये त्यात 30 सेंमीचं भोक पाडून बादलीभर कंपोस्ट भरा आणि लाल भोपळ्याचं रोप लावा. वेल वर पसरतो, खाली गवत मरतं.