मटण म्हणजे रेड, मासे म्हणजे व्हाइट? या चुका टाळा

नाशिकजवळच्या एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये मी गेली नऊ वर्षं ग्लास भरतेय. शनिवार-रविवारी काउंटरपलीकडून हमखास येणारी मागणी म्हणजे, "मॅडम, कशाबरोबर काय प्यायचं त्याचा एक तक्ता व्हॉट्सॲपवर टाका ना." तक्ता मी देत नाही. त्यात 'मटण' असं एकच घर असतं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं, खिमा सगळं त्यातच कोंबायचं.

पहिली चूक तिथेच होते: फोड बघून वाइन निवडणं. मटण आहे ना, मग रेड! हा नियम जिथून आला तिथे मटण मीठ-मिरी लावून भाजतात. आपण भाजलेलं खोबरं, कांदा, गरम मसाला आणि वर मूठभर लाल तिखट घालतो. म्हणून फोड बघू नका, रस्सा बघा.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. नोकरीला लागून दोन महिने झाले होते. कोल्हापूरला मामाकडे जेवण होतं, आणि मी ऐटीत कॅबरने या तुरट, दमदार रेडच्या दोन बाटल्या घेऊन गेले. ओकच्या पिंपात मुरलेली, साडेचौदा टक्के अल्कोहोल, पगाराच्या मानाने महागडी. ताटात तांबडा, पांढरा, सुकं मटण, भाकरी. मामांनी तांबड्याची वाटी तोंडाला लावली, वर माझ्या वाइनचा घोट घेतला आणि मिनिटभर नुसते डोळे पुसत बसले. मग म्हणाले, "काय गं पोरी, ह्यात बी मिरचीच घातलीया व्हय?"

मामांचं निदान अगदी बरोबर होतं. तिखटाने जिभेवरच्या ज्या नसा पेटतात, त्यांनाच अल्कोहोलही चिथवतं. शिवाय कोवळ्या रेडमधलं टॅनिन, म्हणजे कच्च्या सुपारीसारखा तो तुरटपणा, पोळलेल्या जिभेवर खरखरीत लागतो. तिखटावर उतारा म्हणजे थोडी साखर, थोडा गारवा आणि कमी अल्कोहोल. त्या रात्री अब्रू वाचवली ती मामींसाठी नेलेल्या, किंचित गोडसर शेनिन ब्लाँ या व्हाइटच्या बाटलीने. पांढऱ्या रश्श्यातल्या नारळाच्या दुधाशी तर ती अशी जुळली की मामांनी ग्लास दुसऱ्यांदा पुढे केला. याच वाइनला आमच्याकडे येणारे स्वयंघोषित जाणकार 'बायकांची वाइन' म्हणून नाक मुरडतात. मुरडू देत. मी तांबड्याबरोबर तीच किंवा थंडगार रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, काढते. रेडच हवी असेल तर रस्सा बाजूला ठेवा, आणि तिखट हात आखडून केलेल्या सुक्या मटणाबरोबर शिराझ ही रेड घ्या.

दुसरी चूक तापमानाची. हिच्यावर बोलायला लागले की आमची मॅनेजर मला आत बोलावते. "रेड रूम टेंपरेचरला प्यायची असते ना?" हो, पण कुठल्या रूमच्या? ती युरोपातली जुनी, गारठलेली घरं, सोळा-अठरा अंशांची. नाशिकच्या एप्रिलमध्ये पारा अडतीसच्या वर जातो. त्या खोलीतल्या रेडमधून आधी स्पिरिटचा भपकारा येतो, फळ नंतर कधीतरी. रेडसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. उलट व्हाइट थेट फ्रिजमधून ओतली तर वासच येत नाही. दहा मिनिटं बाहेर राहू द्या.

इथे द्राक्षं खुडतात जानेवारी ते मार्चमध्ये, पण पर्यटक थेट मे महिन्यात येऊन धडकतात. असेच एक गृहस्थ भर उन्हात सहा बाटल्या गाडीच्या डिकीत टाकून त्र्यंबकला दर्शनाला गेले, रात्री मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी पुणं गाठलं. आठवड्याने फोन आला, "तुमची वाइन आंबलेली निघाली." फोटो मागवला तर बूच बाटलीबाहेर पाव इंच आलेलं आणि लेबलावर ओघळ. वाइन आंबली नव्हती, शिजली होती. बाटल्या पायाशी ठेवा, एसीच्या वाऱ्यात. आणि घाई म्हणून फ्रीजरमध्ये टाकू नका. विसरता, आणि सकाळी काचा वेचता. बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर खडेमीठ घाला, पंधरा मिनिटांत बाटली गार होते. मला मान्य असलेला शॉर्टकट हा एवढाच.

बांगड्याबरोबर रेड घेऊ नका, तोंडात गंजलेल्या खिळ्याची चव येते. वाइनमधल्या लोहाचा माशाच्या तेलाशी खटका उडतो. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये हे दाखवून दिलंय. तळलेल्या सुरमईला सोव्हिन्यो ब्लाँ ही आंबटसर व्हाइट घ्या, लिंबू पिळल्यासारखं काम करते.

कोकम-चिंचेचं आंबट कालवण असेल तर वाइनही तितकीच आंबट हवी, नाहीतर ती पाण्यासारखी लागते. सोलकढी आणि वाइन एका वेळी नको. एकीला थांबू द्या.

श्रीखंडाबरोबर कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली वाइन घेणं म्हणजे पैसे पाण्यात. गोडाबरोबरची वाइन त्या पदार्थाहून गोड हवी, म्हणून लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा खुडलेल्या द्राक्षांची गोड वाइन. पुरणपोळीबरोबर मी मात्र काहीच उघडत नाही, तूप आणि कटाची आमटी पुरे.

कांदाभजी आणि बटाटेवड्याबरोबर बिअर सगळेच पितात. एकदा ब्रूट स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची कोरडी वाइन घेऊन बघा, तेलकटपणा बुडबुडे धुऊन नेतात. लसणाची सुकी चटणी तेवढी लांब ठेवा.

उरलेली बाटली ओट्यावर, गॅसशेजारी उभी करू नका. बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये, रेडसुद्धा. तीन दिवसांत संपवा. पाहुणे आले म्हणून आठवड्यापूर्वीची उरलेली बाटली काढणारे माझ्या घरीच आहेत, त्यांच्याशी भांडण अजून चालू आहे.