बजेटच्या वावड्या कशा चाळायच्या: कर, पीएफ आणि पेन्शनसाठी

जानेवारी उजाडला की मेसेज फिरू लागतात. ८०सीची (पीएफ, विमा यांसारख्या गुंतवणुकीवरच्या वजावटीची) मर्यादा तीन लाख होणार, पेन्शन करमुक्त होणार, पीएफवर कर बसणार. यातले काय खरे ठरेल याचा अंदाज बांधत बसू नका. बजेट तयार होण्याच्या शेवटच्या टप्प्यावर अर्थ मंत्रालयात होणाऱ्या हलवा समारंभानंतर बजेटच्या कागदपत्रांवर काम करणारे अधिकारी भाषण होईपर्यंत आतच कोंडलेले असतात, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर आलेली 'आतली बातमी' कुठून आली असेल ते तुम्हीच ठरवा. त्यापेक्षा प्रत्येक बातमीला तीन प्रश्न विचारा: हा निर्णय बजेटमध्ये होतो का? झालाच तर लागू कधीपासून? आणि खरा ठरला तरी माझा आकडा हलतो का?

निर्णय कोणाच्या हातात?

पेन्शनच्या बहुतेक बातम्या याच चाळणीत गळतात. ईपीएस-९५ची, म्हणजे पीएफसोबत चालणाऱ्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे आणि ती ७,५०० करा ही मागणी दर बजेटच्या तोंडावर 'निर्णय झाला' म्हणून फिरते. किमान पेन्शनचा भार केंद्र बजेटमधून उचलते हे खरे, पण वाढ होते ती श्रम मंत्रालयाच्या अधिसूचनेने. पीएफ ज्या पगारापर्यंत सक्तीचा असतो त्या पगारमर्यादेचे, म्हणजे १५,००० रुपयांचे, तेच. पीएफचा व्याजदर ईपीएफओचे, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचे, विश्वस्त मंडळ सुचवते आणि अर्थ मंत्रालय मान्य करते. केंद्रीय कर्मचाऱ्यांची युनिफाइड पेन्शन स्कीम मंत्रिमंडळाने २४ ऑगस्ट २०२४ रोजी मंजूर केली, आठवा वेतन आयोग १६ जानेवारी २०२५ रोजी. दोन्ही वेळा बजेट भाषणाचा संबंध नव्हता. राज्य कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचा निर्णय मुंबईत होतो, दिल्लीत नाही. जीएसटीचे दर जीएसटी परिषद ठरवते, अल्पबचतीचे व्याज दर तिमाहीला जाहीर होते.

बजेटमध्ये खरोखर बदलतात ते आयकराचे स्लॅब, वजावटी, टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर), भांडवली नफ्यावरचा कर आणि निवृत्तीच्या पैशांवरची करआकारणी. उदाहरणार्थ, २०२३ मध्ये खासगी नोकरदारांच्या रजा रोखीकरणाची करमाफी ३ लाखांवरून २५ लाखांवर गेली. जुलै २०२४ मध्ये नव्या करप्रणालीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत; जुनीत उलट) फॅमिली पेन्शनवरची वजावट १५,००० वरून २५,००० झाली. अशा बातम्यांकडे मात्र लक्ष द्या.

लागू कधीपासून?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. १ फेब्रुवारीला जाहीर झालेले स्लॅब सहसा येत्या १ एप्रिलपासूनच्या उत्पन्नाला लागतात. चालू वर्षाचा कर जुन्याच नियमांनी. म्हणून 'बजेट होऊ दे, मग बघू' म्हणत ३१ मार्चपर्यंतची गुंतवणूक किंवा कंपनीने मागितलेले पुरावे लांबवू नका. पुरावे वेळेत दिले नाहीत तर फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून भरभक्कम टीडीएस कापला जातो आणि तो परत मिळवायला रिटर्न भरेपर्यंत थांबावे लागते.

भांडवली नफ्याचे वेगळे. २३ जुलै २०२४ च्या बजेटने शेअर्सवरचा अल्पकालीन नफ्याचा कर १५ वरून २० टक्के आणि दीर्घकालीन १० वरून १२.५ टक्के केला, तोही त्याच दिवसापासून. उलट २०१८ मध्ये शेअर्सच्या दीर्घकालीन नफ्यावर कर आला तेव्हा ३१ जानेवारी २०१८ पर्यंतचा नफा वाचवला गेला. म्हणजे 'बजेटआधी विकून टाका' हा सल्ला एकदा उपयोगी ठरला असता, एकदा निव्वळ दलालीचा खर्च. शेअर्स विकायचेच होते तर विका. केवळ अफवेपोटी नको.

आकडा मांडून बघा

८०सीचीच अफवा घेऊ. ही मर्यादा २०१४ मध्ये एक लाखावरून दीड लाख झाली, आणि त्यानंतर ती वाढणार असल्याची बातमी वर्षानुवर्षे फिरते आहे. समजा तुमचा पगार १८ लाख आहे. २०२५ च्या बजेटमधल्या नव्या करप्रणालीच्या दरांनी ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र उरतात १७.२५ लाख. त्यावर कर १,४५,०००, सेस (करावर लागणारा उपकर) धरून १,५०,८००. जुन्या प्रणालीत एवढाच कर यायचा असेल तर ५०,००० च्या प्रमाणित वजावटीशिवाय आणखी सुमारे ६.४२ लाखांच्या वजावटी दाखवाव्या लागतात. ८०सीचे १.५ लाख, गृहकर्जाच्या व्याजाचे २ लाख, आरोग्य विम्याचे २५,००० आणि एनपीएसचे ५०,००० मिळून होतात ४.२५ लाख. ८०सी खरोखर तीन लाख झाली तरी बेरीज ५.७५ लाख. जुनी प्रणाली तरीही महागच पडते. घरभाडे भत्त्याची मोठी वजावट असेल तरच पारडे फिरू शकते. पाच मिनिटांचा हिशेब, आणि ही अफवा तुमच्यापुरती निकालात निघाली.

मथळ्यातला आकडा तसाच कधी उचलू नका. 'बारा लाखांपर्यंत कर नाही' ही रिबेट, म्हणजे आलेल्या करातली सूट आहे, स्लॅब नव्हे. करपात्र उत्पन्न १२.१० लाख झाले तर स्लॅबने कर ६१,५०० येतो. मार्जिनल रिलीफमुळे, म्हणजे बारा लाखांवरच्या जादा उत्पन्नाहून कर जास्त होऊ नये या सवलतीमुळे, तो १०,००० वर थांबतो, वर सेस. आणि शेअर्सच्या नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नाला ही रिबेट लागू नाही. पगार ९ लाख, शेअर्सचा अल्पकालीन नफा २ लाख, म्हणून कर शून्य, असे समजणाऱ्यांना रिटर्न भरताना झटका बसतो. २०२१ मध्येही असेच झाले. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना रिटर्न भरण्यापासून सूट मिळाली, तीही फक्त पेन्शन आणि त्याच बँकेचे व्याज एवढेच उत्पन्न असेल तर, आणि कर बँकेने कापायचा. मेसेजमध्ये त्याची सरसकट करमाफी झाली. आजही तो फिरतो.

अफवेवर काय मुळीच करू नये

जे परत फिरवता येत नाही ते. 'पीएफवर कर येणार' म्हणून नोकरी बदलताना पीएफ काढून घेणे हा त्यातला सर्वांत महागडा प्रकार. सलग पाच वर्षांची सेवा झाली नसेल तर काढलेली रक्कम करपात्र होते. सोबत फॉर्म १०सी भरून पेन्शनचेही पैसे उचलले तर आधीची सेवा मोजणीतून जाते आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षे पुन्हा पहिल्यापासून. काढू नका, ट्रान्सफर करा. पीएफवरच्या कराचा प्रस्ताव खरोखर आला होता २९ फेब्रुवारी २०१६ रोजी: १ एप्रिल २०१६ नंतरच्या योगदानातून साठलेल्या रकमेचा ६० टक्के भाग काढताना करपात्र. ओरड झाली आणि ८ मार्चला तो मागे घेतला गेला. कर वाचवायचा म्हणून मार्चअखेर घाईने घेतलेली वर्षानुवर्षांच्या हप्त्यांची विमा पॉलिसीही याच यादीत टाका.

बजेटच्या दिवशी आणि नंतर

भाषण अकराला सुरू होते, कराचे प्रस्ताव त्याच्या भाग 'ब'मध्ये असतात. भाषणात चांगले तेवढे ठळक येते, बाकी वित्त विधेयकात. भाषण संपल्यावर बजेटच्या सरकारी संकेतस्थळावर विधेयकासोबत 'मेमोरँडम' नावाची फाइल येते. तीच उघडा. सोप्या इंग्रजीत प्रत्येक बदल, त्याचे कारण आणि शेवटी तो कधीपासून लागू ते लिहिलेले असते. आपल्या कामाचे शब्द शोधा, तेवढे परिच्छेद वाचा. मात्र कलमांचे क्रमांक जुन्या लेखांतून घेऊ नका: १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू, आणि त्यात क्रमांक बदललेले आहेत.

एवढ्यावर थांबू नका, कारण विधेयक मंजूर होईपर्यंत मजकूर बदलतो. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडांच्या (रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडांच्या) नफ्यावर स्लॅबप्रमाणे कर बसला, पण हे भाषणात नव्हते. २४ मार्चला लोकसभेत आलेल्या दुरुस्तीत होते, हातात जेमतेम आठवडा उरला होता. २०२४ मध्ये घरविक्रीवरचा इंडेक्सेशनचा, म्हणजे महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरण्याचा लाभ जुलैत गेला आणि २३ जुलैआधी घेतलेल्या मालमत्तेसाठी ऑगस्टमधल्या दुरुस्तीत निवासी व्यक्तींना पर्याय म्हणून परत आला. तेव्हा मार्चचा शेवटचा आठवडा डायरीत नोंदवून ठेवा, मंजूर झालेले विधेयक पाहा, आणि मगच एप्रिलमध्ये कंपनीला नवी-जुनी प्रणाली कळवा. तिथे चुकलात तरी धंद्याचे उत्पन्न नसलेल्या पगारदाराला मुदतीत रिटर्न भरताना प्रणाली बदलता येते. धंदा किंवा व्यवसाय असणाऱ्यांना ही मोकळीक नाही: नवी सोडून जुनीत गेलात तर नवीत परतायची संधी एकदाच.