पायथन शिकू का ऑटोहॉटकी? आधी काम कुठे अडतंय ते बघा

ऑफिसातलं रोजचं तेच तेच काम ऑटोमेट करायचंय म्हटलं की सगळे डोळे झाकून सांगतात पायथन ही प्रोग्रामिंग भाषा शीक, पुढे उपयोगी पडेल. पडेल की, पण आधी बघा काम स्क्रीनवर अडतंय की फाइलींमध्ये.

स्क्रीनवर म्हणजे तोच पत्ता दहादा टाइप करणं, ठरलेली विंडो उघडून तीच बटणं दाबणं, असलं काही असेल तर सरळ ऑटोहॉटकी घ्या, म्हणजे कीबोर्ड-माउसची कामं आपोआप करून देणारं टूल. फुकट आहे, फक्त विंडोजवर चालतं. नोटपॅडमध्ये एका ओळीत दोन कोलन, मग तुमचा शॉर्ट कोड, परत दोन कोलन आणि पुढे पूर्ण मजकूर, एवढं लिहून फाइल चालू केली की मेल असो वा ब्राउझर, कोड टाइप करून स्पेस दाबला की अख्खा मजकूर उमटतो. हेच पायथनमध्ये करायला वेगळी लायब्ररी (तयार कोडचा संच) शोधावी लागते.

व्हर्जन २ च घ्या, २०२२ च्या डिसेंबरमध्ये आलेलं. नेटवरचे बरेच जुने कोड १.१ चे आहेत, ते यात जसेच्या तसे चालत नाहीत. मराठी मजकूर असेल तर फाइल यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये सेव्ह करा, नाहीतर नुसती विचित्र चिन्हं येतात.

अजून एक, विंडो उघडायला वेळ लागतो म्हणून लोक स्लीप ही कमांड टाकून अंदाजे दोन सेकंद थांबतात आणि मग एक दिवस पीसी स्लो झाला की सगळं भलत्याच विंडोत टाइप होतं. त्यापेक्षा विनवेटॲक्टिव्ह ही कमांड वापरा, विंडो खरंच समोर आल्यावरच स्क्रिप्ट (तुम्ही लिहिलेली कोडची फाइल) पुढे जाते.

पण शंभर एक्सेल फाइली एकत्र करून बेरजा काढायच्या असतील तर पायथनच. पांडाज आणि ओपनपायएक्सएल या पायथनच्या लायब्ररी असल्या की एक्सेल उघडावंही लागत नाही, आणि तोच कोड मॅक, लिनक्सवरही चालतो. इथे ऑटोहॉटकीने माउस फिरवत बसणं म्हणजे वेळेची नासाडी.

माझं मत विचाराल तर दोन्ही जोडा. हिशोबाचा भाग पायथनमध्ये लिहा आणि ऑटोहॉटकीत कंट्रोल-आल्ट-आर दाबल्यावर रन कमांडने ती स्क्रिप्ट चालू होईल असं ठेवा, पायथनऐवजी पायथनडब्ल्यू लिहिलं तर काळी विंडोही येत नाही. मग ऑटोहॉटकीच्या फाइलचा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये टाका, लॉगिन केलं की आपोआप चालू. कंपनीचा लॅपटॉप असेल तर आधी आयटीवाल्यांना विचारा, कारण अशा स्क्रिप्टची एक्सई, म्हणजे थेट चालणारी प्रोग्राम फाइल, बनवली की अँटिव्हायरस कधी कधी अडवतो.