रेस्टॉरंटच्या टेबलाला बेस कुठला घ्यायचा

हॉटेल उभं करताना लोक टेबलाच्या टॉपवर आठवडेच्या आठवडे घालवतात, कुठलं लॅमिनेट, कुठला दगड, कडेला पट्टी कसली, आणि खालचा बेस, म्हणजे मधला खांब आणि त्याचे पाय, मात्र शेवटच्या दिवशी फोटो बघून "हा द्या" म्हणून मोकळे होतात. मी म्हणेन वेळ खरं तर बेसवर घालवा, कारण टॉपचा रंग गिऱ्हाईक घरी जाईपर्यंत विसरतो पण कोपर टेकल्यावर डुगडुगलेलं टेबल नाही विसरत.

एका नव्या ठिकाणी मी बसलो होतो, शेजारच्या टेबलावरचे आजोबा उठायला लागले आणि आधारासाठी दोन्ही हात टेबलाच्या कोपऱ्यावर टेकले, समोरची बाजू उचलली गेली आणि पाण्याचे दोन ग्लास घसरत खाली. आजोबांना मुलाने धरलं म्हणून बरं. नंतर वाकून बघितलं तर बेस तसा बरा होता, पण फुलीसारख्या बेसचे चार पाय टॉपच्या कडांकडे तोंड करून बसवले होते, कोपऱ्यांकडे नाही. एवढीच चूक.

ही गोष्ट जरा नीट समजून घ्या कारण सगळं इथेच आहे. समजा टॉप 30 बाय 30 इंच आणि बेस 22 बाय 22 चा, म्हणजे पायांची चार टोकं जोडली तर 22 इंच बाजूचा चौकोन होतो. पाय कोपऱ्यांकडे असतील तर मधल्या खांबापासून पायांच्या टोकांना जोडणारी रेषा 11 इंचावर येते आणि टॉपची कड 15 इंचावर, म्हणजे बाहेर फक्त 4 इंच लोंबतं. टेबलाचं एकूण वजन 16 किलो धरलं तर कडेवर साधारण 44 किलोचा दाब आल्याशिवाय ते उलटायला निघत नाही. आता तोच बेस 45 अंशात फिरवून लावा, कोपरा त्या रेषेच्या 10 इंच बाहेर जातो आणि तेच टेबल 17 किलोच्या दाबाने उचलतं, एवढा दाब तर कुणी नुसतं हात टेकून उठलं तरी येतो. आणि बेस हलक्या पत्र्याचा न घेता बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा घेतला, टेबल 24 किलोचं झालं, तर पाय कोपऱ्यांकडे ठेवून तोच आकडा 66 वर जातो. म्हणून वजनाला पैसे द्या, चकाकीला नको.

मापाचा अंदाज असा ठेवा. 24 ते 30 इंची चौकोनी टॉपला 22 चा बेस, 36 इंचीला 30 चा, 48 इंची गोल टॉपला 36 चा. 30 बाय 48 च्या लांब टेबलाला मधोमध एकच बेस लावायचा मोह होतो, त्यापेक्षा टी आकाराचे दोन बेस दोन्ही टोकांना लावा, फक्त ते टॉपच्या कडेपासून 10-12 इंच आत घ्या नाहीतर टोकाला बसणाऱ्याचे गुडघे खांबावर आपटतात. आणि हो, विकणारा 22 म्हणतो तेव्हा तो चौकोनाची बाजू सांगतोय का टोकापासून टोकापर्यंतची तिरकी लांबी, हे विचाराच, कारण बाजू 22 असेल तर तिरकं माप 31 च्या आसपास येतं आणि तिरकं 22 असेल तर बाजू जेमतेम साडेपंधराच भरते. दोन्हीला लोक 22 चा बेसच म्हणतात.

उंचीचं फार डोकं लावू नका, बेस 28 इंच आणि टॉप एक इंच मिळून 29-30 झालं की नेहमीच्या खुर्चीला बरोबर बसतं. खुर्चीला हात असतील तर ते टॉपखाली जातायत का तेवढं बघा. व्हीलचेअरवरचं गिऱ्हाईक येणारच, त्यामुळे टॉपच्या खालून 27 इंच मोकळं असलेली आणि मधे पाय आडवा येत नाही अशी काही टेबलं तरी ठेवा. 40-42 इंची उंच टेबलाला मात्र बेस एक माप मोठा आणि जास्त जड घ्या, ते आडव्या धक्क्याला लवकर झुकतं.

गोल थाळीसारखा बेस दिसायला सुंदर, कुणी अडखळत नाही, फरशी पुसायलाही सोपा. पण फरशी जरा वरखाली असेल तर तो कुठेतरी अधांतरी राहतो, आणि लोक बूट त्याच्यावरच ठेवतात त्यामुळे रंग आधी तिथला जातो. फुलीच्या बेसला चार टोकांना स्क्रूचे बूट असतात, ते फिरवून लेव्हल करता येते, म्हणून जुन्या फरशीला मी तोच सांगतो. फरशी हळूहळू उतरती असेल तर टेबल जागच्या जागी थोडं थोडं फिरवून बघा, पाव फेरीच्या आत बहुतेक वेळा चारही पाय टेकतात, लादीच्या जोडाची पायरी मधे आली तर मात्र नाही. कागदाची घडी खाली सरकवणं नकोच, पहिल्याच पुसण्यात ती भिजते.

दगडी टॉप असेल तर सरळ बिडाकडे जा. 30 बाय 30 चा 18 मिलीमीटर ग्रॅनाइट 28 किलोच्या आसपास भरतो, वर एवढं आणि खाली हलका पत्रा हे जमतच नाही. दगडाखाली प्लायवूड चिकटवून घ्या आणि बेसची वरची प्लेट प्लायमध्ये स्क्रू करा. पार्टिकल बोर्डाच्या टॉपला नुसता लाकडी स्क्रू मारला तर वर्षभरात भोक सैल होतं, आत आट्यांची बुशी बसवून बोल्ट लावा. स्क्रूची लांबी टॉपच्या जाडीपेक्षा कमी हवी, हे सांगायला लागू नये पण वरून टोक बाहेर आलेली टेबलं मी बघितलीयेत.

उघड्यावर ठेवणार असाल तर बीड नको, रंग जिथे टवकतो तिथे गंज धरतो आणि फरशीवर तांबडे डाग पडतात ते निघत नाहीत. पावडर कोटिंग केलेलं अ‍ॅल्युमिनियम घ्या, समुद्राजवळ 316 ग्रेडचं स्टेनलेस. अ‍ॅल्युमिनियम हलकं असतं म्हणून वाऱ्याच्या जागी त्यात वजन टाकायची किंवा जमिनीला बोल्ट मारायची सोय आहे का विचारा.

टेबल हलतं म्हणजे दर वेळी फरशीच वाईट असते असं नाही. बेस पायाने दाबून धरा आणि टॉप हलवा, टॉप एकटाच हलला तर खांबातून जाणाऱ्या लोखंडी दांड्याचा नट सैल झालाय, टेबल आडवं करून खालून पान्याने आवळा. हे दर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या टेबलांचं करायला लागतं, एका माणसाला ते काम नेमूनच द्या.

आणि वीस-पंचवीसची ऑर्डर एकदम देऊ नका. एक बेस मागवा, तुमचा टॉप त्याच्यावर बसवा, तुमच्याच फरशीवर सगळ्यात वाईट कोपऱ्यात ठेवा, दोन ग्लास काठोकाठ भरून ठेवा आणि घरातल्या सगळ्यात जाड माणसाला कोपऱ्यावर हात टेकून उठायला सांगा. पाणी सांडलं नाही तर बाकीचे मागवा.