तुटीच्या वर्षात विधिमंडळाचं काम जोखताना या चुका टाळा

घोडबंदर रोडवर किंवा वाशीतल्या चौकात ‘आमदारांच्या प्रयत्नांतून इतके कोटी मंजूर’ असा फलक लागला की अनेकांच्या मनात आमदार पास झालेले असतात. तिजोरीत खडखडाट असताना ही चूक सगळ्यात महागात पडते. ‘मंजूर’ म्हणजे बहुतेकदा नुसती प्रशासकीय मान्यता. पुढे अर्थसंकल्पात तरतूद, मग निधीचं वितरण आणि शेवटी खर्च. चणचण असली की काम वितरणापाशी अडतं. ठेकेदाराचं बिल थकतं आणि खोदलेला रस्ता तसाच राहतो. कधी कधी तर पुरवणी मागण्यांच्या (अर्थसंकल्पानंतर वर्षभरात सरकार मागतं त्या जादा खर्चाच्या) पुस्तिकेत त्या कामापुढे फक्त हजार रुपयांची लाक्षणिक तरतूद असते. म्हणून आमदारांना थेट विचारा: तरतूद किती, वितरित किती, आणि उरलेल्या पैशांबद्दल तुम्ही सभागृहात काय विचारलंत? विभागवार आकडे राज्याच्या ‘बीम्स’ प्रणालीवर पाहता येतात.

तुटीचे दोन आकडे ऐकून गोंधळ होतोय? दोन्ही खरे असू शकतात. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी रुपये धरला होता. म्हणजे महसुली तूट ४५,८९१ कोटी. पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं यांनाच उत्पन्न पुरत नाही, असा त्याचा अर्थ. राजकोषीय तूट, म्हणजे एकूण खर्च आणि कर्ज सोडून झालेली जमा यांतला फरक, १,३६,२३५ कोटी होती. ती मुख्यतः कर्ज काढून भरावी लागते.

फक्त मार्चकडे बघू नका. अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीसमोर बसणारे आपण जुलैत फिरकतही नाही. त्याच वर्षी पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यातल्या काही रकमा जमाखर्चाच्या नोंदींपुरत्या असतात, त्यामुळे निव्वळ भार कमी असतो. तरी मार्चमधल्या तुटीशेजारी ठेवून पाहिलं की हा आकडा डोळ्यांत भरतो. माझ्या मते विधानसभेची खरी परीक्षा इथेच आहे. सदस्यांना खर्च वाढवता येत नाही, पण कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव, देता येते. ती कोणी दिली? किती विभागांवर चर्चा झाली आणि किती मागण्या वेळ संपल्यावर चर्चेविनाच मताला टाकल्या?

विधान परिषदेला भलताच जाब विचारू नका. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०३ नुसार अनुदानाच्या, म्हणजे विभागांच्या खर्चाच्या, मागण्यांवर मतदान फक्त विधानसभा करते. धन विधेयक (कर आणि सरकारी खर्चाशी संबंधित विधेयक) परिषद फार तर १४ दिवस ठेवू शकते. कोकण पदवीधर मतदारसंघाच्या आमदारांना मागण्यांवर मत काय दिलं हे विचारण्यापेक्षा प्रश्न कोणते मांडले ते विचारा.

गोंधळ, सभात्याग, हजेरी यांची मोजदाद वर्तमानपत्रं करतातच. सरकारी खर्चाचं लेखापरीक्षण करणाऱ्या कॅगचा अहवाल मात्र बहुतेकदा अधिवेशनाच्या शेवटी पटलावर येतो आणि चर्चेला वेळ उरत नाही. तो तपासण्याचं पुढचं काम आमदारांच्या लोकलेखा समितीचं. आपला आमदार तिथे सदस्य आहे का आणि समितीच्या शिफारशींवर सरकारने काय केलं, हे ठाणे-नवी मुंबईत फार कमी लोक विचारतात.