एका तासाला एकच अस्सल कागद

इतिहासाचे शिक्षक आमच्या अभिलेख विभागात येतात आणि बहुतेक जण एकच विचारतात, "पहिल्या महायुद्धावर काही आहे का?" आहे ना, खोकीच्या खोकी आहेत. पण असं विचारून तुमच्या हाती धूळच लागेल. येताना विषय नको, प्रश्न घेऊन या. "सैनिकाला घरी काय कळवता येत नव्हतं?" असं विचारलंत, तर सेन्सॉरने ओळी काळ्या केलेलं पत्र शोधायला मला जमतं.

सुरुवातीला मीही चुकले. एका बाईंना उत्साहाच्या भरात चौदा कागदांच्या झेरॉक्स काढून दिल्या. आठवड्याने गठ्ठा तसाच परत आला. पहिलं पान उलटताच मुलांनी म्हणे विचारलं, "हे परीक्षेला येणार का?" तेव्हापासून मी वर्गातल्या एका तासासाठी एकच साधन देते, म्हणजे त्या काळातलं एखादं पत्र किंवा फोटो. फार तर जोडीला दुसरं, पहिल्याशी न जुळणारं.

नवख्या शिक्षकांना मी पत्राऐवजी फोटो घ्यायला सांगते, कारण त्यात अक्षर लावत बसावं लागत नाही. माझा आवडता फोटो अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांचा 'मायग्रंट मदर', म्हणजे 'स्थलांतरित आई'. महामंदीच्या काळात, मार्च १९३६मध्ये, कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे वाटाणा खुडणाऱ्या मजुरांच्या तळावर तो काढला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावरून मोठ्या आकारात फुकट उतरवून घेता येतो.

वर्गात दाखवताना खालची ओळ झाका. पहिली पाच मिनिटं फक्त बघायचं. दिसतंय ते सांगा, वाटतंय ते नंतर. कुणीतरी लगेच म्हणणार, "ती गरीब आहे." तुम्ही विचारायचं, "कशावरून?" मग मुलं फाटकी बाही दाखवतात. दोन्ही बाजूंच्या मुलांनी तोंडं फिरवली आहेत, हे लक्षात येतं. मांडीवरचं तान्हं बाळ कित्येकांना दुसऱ्यांदा बघितल्यावरच दिसतं. इथे घाई करू नका. शांतता पसरली की शिक्षकाला राहवत नाही आणि तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. तेवढं टाळा.

आता ओळ उघडा. मजूर कंगाल आहेत, ती सात मुलांची आई आहे, वय बत्तीस, एवढंच कळतं. नाव नाही. का नसावं? फोटो कुणी काढला आणि कुणासाठी? लँग तेव्हा सरकारच्या पुनर्वसन खात्यासाठी काम करत होत्या आणि हे फोटो मदतीची गरज लोकांपुढे मांडण्यासाठी होते. एवढं कळलं की मुलं तोच फोटो वेगळ्या नजरेने बघतात.

मग त्याच कुटुंबाचे त्याच वेळचे दुसरे फोटो शेजारी ठेवा. त्यांत तंबू दिसतो, मोठी मुलगी दिसते. प्रसिद्ध चौकटीत हे काहीच नाही. उजव्या कोपऱ्यात खाली तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता, तोही पुढे निगेटिव्हवर पुसून टाकला. "मग हा फोटो खोटा का?" या प्रश्नावर उरलेला तास सहज निघून जातो. जाऊ द्या.

वेळ उरलाच तर एक गाठ आणखी आहे. १९६०मध्ये लँग यांनी लिहिलं की, त्या बाईने गाडीचे टायर विकून अन्न आणल्याचं सांगितलं होतं. १९७८मध्ये तिचं नाव जगाला कळलं, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. आणि तिच्या मुलाचं म्हणणं, विकायला आमच्याकडे टायर होतेच कुठे! कुणाचं खरं, हे तुम्ही सांगू नका. चोवीस वर्षांनी लिहिलेली आठवण आणि घरच्या माणसाची आठवण, यांतल्या कुणाला काय ठाऊक असू शकतं आणि काय विसरलं जाऊ शकतं, एवढं मुलांना चार ओळींत लिहायला लावा.

हस्तलिखित निवडलंत तर सोबत वाचून लिहिलेली प्रत द्या, पण मूळ कागदाचं चित्र आधी दाखवा. त्यात ओळखीचे तीन शब्द शोधायला सांगा. लांब पत्र कापायला हरकत नाही, मात्र जिथे कापलं तिथे टिंबं हवीतच. नाहीतर आपणच सेन्सॉर झालो. अपमानास्पद भाषा असेल तर आधी कल्पना द्या आणि त्या कागदाचं नाटुकलं बसवू नका.

आमच्याकडे याल तेव्हा कागदाची मागची बाजूही टिपा. शिक्के, तारखा, कुणाच्या तरी घाईच्या नोंदी तिथेच असतात. फोटोत खोक्याचा आणि फाइलचा क्रमांक येऊ द्या, नाहीतर पुढच्या वर्षी तोच कागद शोधताना तुम्हीही रडाल आणि मीही. फ्लॅश बंद. सिनेमात दाखवतात तसे पांढरे हातमोजे साध्या कागदाला सहसा लागत नाहीत. उलट त्यांनी बोटांना अंदाज येत नाही आणि पान फाटतं. हात स्वच्छ धुवून कोरडे करा. मोजे जुन्या फोटोंसाठी, ते आम्हीच देतो.

आणि आठवडाभर आधी कळवा. खोकी वरच्या मजल्यावरून आणावी लागतात. पेन्सिल सोबत असू द्या, पेन आम्ही दारातच ठेवून घेतो.